जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये दुसरा गिअर टाकताना खरखर होते. दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू नका, कारण अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा क्लचमध्ये सापडते. गाडी उभी ठेवून इंजिन मंद गतीवर चालू द्या, क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स गिअर टाका. या गिअरला सिंक्रोमेश (थोडक्यात सिंक्रो, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारी यंत्रणा) नसल्यामुळे, इतके थांबूनही खरखर झाली, तर क्लच पूर्णपणे सुटत नाही असे समजावे. त्यासाठी मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची (पेडलचा दाब तेलाद्वारे क्लचपर्यंत पोहोचवणाऱ्या सिलिंडरांची) गळती, नळीतील हवा, फुगणारी जुनी रबरी नळी आणि विशेषतः पेडलजवळची क्लेव्हिस पिन (पेडलला मास्टर सिलिंडरच्या दांड्याशी जोडणारी खीळ) तपासावी. ही क्षुल्लक पिन आणि तिचे भोक झिजले, की पेडलची बरीच हालचाल वाया जाते, आणि नेमके तिच्याकडेच कोणी पाहत नाही.

रिव्हर्स निमूट पडतो, पण फक्त दुसऱ्या गिअरलाच खरखर होते, असे असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता जास्त. तरीही आधी तेल पाहावे: चारही गिअरना सिंक्रो असलेल्या एमजीबीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालते, आणि कोणी जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल भरले असेल, तर त्याच्या निसरडेपणामुळे रिंगची पकड कमी होते. रिंग बदलेपर्यंत डबल डिक्लच करून, म्हणजे गिअर बदलताना मध्ये न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबून, गाडी चालवता येते.

गाडी १९६७ पूर्वीची असल्यास पहिल्या गिअरला मुळात सिंक्रोच नाही. चालत्या गाडीत तो खरखरला, तर तो दोष मानू नये.