फुलांची टीकोझी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

टीकोझी, म्हणजे चहा गरम ठेवण्यासाठी किटलीवर घालायचे विणलेले आवरण, विणण्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. टाके घालणे, बंद करणे, सुलट आणि उलट एवढे येत असेल तर पुढचे सगळे जमण्यासारखे आहे. पत्रांत फुलांविषयी विचारणा जास्त असली तरी तक्रारी बहुतेक मापाच्या आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: माझी चिनी मातीची किटली साधारण एक लिटरची आहे. टीकोझीला किती टाके घालू आणि लोकर किती लागेल?

लिटरवरून टाके ठरत नाहीत. एक लिटरची किटली बुटकी आणि गोल असते, तशी उंच आणि सडपातळही असते. फीत घ्या आणि किटलीच्या सर्वांत फुगीर जागी, तोटीच्या मुळापासून कानाच्या मुळापर्यंत एका बाजूने मोजा. हे झाले एका अर्धुकाचे माप. टीकोझी अशी दोन अर्धुके विणून जोडायची असते. मग तळापासून खांद्यापर्यंतची उंची घ्या, म्हणजे किटली जिथून आत वळायला लागते तिथपर्यंत. शेवटी खांद्यापासून झाकणाच्या मुठीच्या टोकापर्यंतचे अंतर घ्या. मूठ मोजायची राहिली की टीकोझी वर अडते आणि तळाशी दोन बोटे किटली उघडी पडते.

उदाहरण म्हणून अर्धुक २३ सेंमी, खांद्यापर्यंतची उंची १२ सेंमी आणि वरचा भाग ६ सेंमी धरू. डबल निट (मध्यम जाडीची) लोकर, ८ नंबरच्या (४ मिमी) सुया आणि सगळ्या ओळी सुलट. या विणीत १० सेंमीत साधारण २० टाके आणि ४० ओळी बसतात. तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल तर हा आकडा बदलेल, म्हणून आधी २४ टाक्यांचा छोटा चौकोन विणून मोजा. २३ सेंमीला ४६ टाके होतात, पण तेवढे घालू नका. विणकाम ताणले जाते आणि टीकोझी अंगाला बिलगून बसली तरच ऊब धरते. २१ सेंमीचे ४२ टाके घ्या, दोन्ही कडांना शिवणीसाठी एकेक धरा, म्हणजे एका अर्धुकाला ४४.

४८ ओळी सरळ विणा. मग घट, म्हणजे टाके कमी करणे, सुरू करा: १ सुलट, नंतर (५ सुलट, २ एकत्र) असे सहा वेळा, शेवटी १ सुलट. २ एकत्र म्हणजे दोन टाके एकदम सुलट विणून त्यांचा एक करणे. ३८ टाके राहतील. यानंतर ३ ओळी साध्या. पुढच्या घटीच्या ओळीत कंसातले ५ चे ४ करा, मग ३, २, १, आणि प्रत्येक घटीनंतर ३ साध्या ओळी. टाके ३२, २६, २०, १४ असे उतरत जातील. शेवटच्या घटीत दोन कडा सोडून सगळे दोन-दोन एकत्र, म्हणजे ८ टाके उरतात. वरचा भाग साधारण सव्वापाच सेंमी होतो आणि ताणून ६ पर्यंत जातो. मूठ उंच असेल तर पहिल्या दोन घटींनंतर ३ ऐवजी ५ ओळी साध्या विणा. दुसरे अर्धुक असेच. दोन्हींचे मिळून १६ टाके जाड सुईने धाग्यात ओवा, ओढून घ्या आणि तोच धागा पुन्हा एकदा सगळ्यांतून फिरवून पक्का करा. एकदाच ओवला तर मधोमध भोक राहते.

अंगाला साधारण ५० ग्रॅम लोकर लागते, पण एका गोळ्यावर विसंबू नका. दुसरा गोळा आधीच त्याच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला, आणून ठेवा, नंतर आणलेल्या गोळ्याची छटा वेगळी निघते. फुलापानांना सगळ्या रंगांची मिळून २५ ते ३० ग्रॅम पुरे.

प्रश्न: नवीन टीकोझी छान बसत होती. महिनाभरात तळाशी सैल होऊन घागऱ्यासारखी झाली. लोकर वाईट होती का?

लोकरीपेक्षा शिवणीचा दोष असण्याची शक्यता जास्त. तुम्ही लिहिले आहे की दोन्ही बाजू खाली शिवून मध्ये फक्त फटी ठेवल्या. अशी टीकोझी घालताना तळाची कड किटलीच्या अंगासह कानावरूनही ताणून खाली न्यावी लागते, तीही दर वेळी. वीण हळूहळू तिथेच मोठी होते.

तोटीच्या बाजूला खाली अडीच-तीन सेंमी शिवा, म्हणजे टीकोझी तोटीखाली धरून राहते. कानाच्या बाजूला मात्र खाली अजिबात शिवू नका. तिथे एका कडेला बटण आणि समोरच्या कडेला क्रोशाच्या साखळीचा किंवा लोकरीच्या पिळाचा फासा करा. टीकोझी वरून घालायची, तोटी फटीतून काढायची आणि कानाखाली बटण लावायचे. काहीच ताणत नाही. वरून खाली येणारी शिवण दोन्ही बाजूंनी तोटी आणि कान जिथे सुरू होतात तिथे थांबते. ही जागा अंदाजाने ठरवू नका. अर्धुके किटलीवर चढवा, टाचण्या लावा आणि मगच शिवा. शिवणीला वरून घातलेला साधा टाका सपाट राहतो. जाड शिवण तोटीजवळ फुगून वर येते.

सैल झालेली टीकोझी उसवून पुन्हा विणायची गरज नाही. कानाच्या बाजूची खालची शिवण काढा आणि बटण पुरेसे आत घेऊन लावा.

प्रश्न: वर लावायला फुले विणायची आहेत, क्रोशा येत नाही. दोन सुयांवर कोणती फुले नीट होतात?

तीन गोष्टी शिकल्या की पुरते: पाच पाकळ्यांचे फूल, गुलाब आणि पान. तिन्हींना अंगापेक्षा बारीक सुया घ्या, १० नंबर (३.२५ मिमी). फुलांची वीण सैल असली की पाकळ्या उभ्या राहत नाहीत, ओल्या कागदासारख्या पडतात.

पाच पाकळ्यांचे फूल: ३ टाके घाला. पहिली ओळ सुलट. दुसऱ्या ओळीत पहिल्या आणि शेवटच्या टाक्यातून दोन-दोन टाके काढा, ५ होतील. तिसरी सुलट. चौथीत पुन्हा तसेच, ७ होतील. पाचवी ते दहावी सुलट. अकरावीत २ एकत्र, ३ सुलट, २ एकत्र. बारावी सुलट. तेरावीत २ एकत्र, १ सुलट, २ एकत्र. उरलेले ३ टाके जादा सुईवर ठेवा आणि धागा तोडा. अशा पाच पाकळ्या करा, पण पाचवीचा धागा तोडू नका. सगळ्यांची एकच बाजू समोर आहे ना, ते बघा आणि त्या धाग्याने पाचही पाकळ्यांचे १५ टाके सलग सुलट विणा. पुढच्या ओळीत १ सुलट आणि मग सात वेळा २ एकत्र. राहिलेल्या ८ टाक्यांतून धागा दोनदा ओवून ओढा आणि कडा शिवून गोल पूर्ण करा. साधारण ६ सेंमीचे फूल होते. मधोमध पिवळ्या लोकरीचे पाच-सहा गाठीचे टाके घाला. सुईभोवती धाग्याचे दोन वेढे पुरतात, तीन घेतले की गाठ एका बाजूला कलंडते.

गुलाब: ८० टाके घाला. एक ओळ सुलट, एक उलट अशा ४ ओळी. पाचव्या ओळीत सगळे २ एकत्र, ४० राहतील. सहावी उलट. सातवीत पुन्हा सगळे २ एकत्र, २० राहतील. आठव्या ओळीत उलट विणत बंद करा. हातात नागमोडी पट्टी येते. तिची लांब कड आपोआप सुलट बाजूकडे वळते, आणि हेच वळण पाकळीचे काम करते. म्हणून सुलट बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचे. उलटे गुंडाळले तर पाकळ्या आत मुडपतात आणि गुलाबाऐवजी कोबीचा गड्डा दिसतो. सुरुवातीचा दीड वेढा घट्ट घ्या, तो कळीचा गाभा. त्यानंतर हात सैल सोडा आणि प्रत्येक अर्ध्या वेढ्याला तळातून सगळ्या थरांत सुई घाला. सगळे गुंडाळून झाल्यावर एकदाच शिवलेला गुलाब पहिल्या धुण्यात उलगडतो.

पान: ३ टाके घाला. पहिल्या ओळीत १ सुलट, सुईवर दोरा (सुईला धाग्याचा वेढा देऊन वाढवलेला टाका), १ सुलट, सुईवर दोरा, १ सुलट. तिसऱ्या ओळीत कडेला दोन-दोन आणि पाचवीत तीन-तीन सुलट, मधला टाका आणि त्याच्या दोन बाजूंचा दोरा तसाच. टाके ५, ७, ९ असे वाढतात. सातवीत २ एकत्र, ५ सुलट, २ एकत्र. नववीत मध्ये ३, अकरावीत मध्ये १. तेरावीत उरलेले ३ एकत्र. सगळ्या सम ओळी सुलट. मधल्या जाळीची रेघ पानाच्या शिरेसारखी दिसते.

प्रश्न: माझी पाने सुरळीसारखी गुंडाळतात. इस्त्री करू का?

करू नका. तुम्ही सम ओळी उलट विणल्या असणार. एक ओळ सुलट आणि एक उलट या विणीत कडा वळतातच, तो विणीचा स्वभाव आहे. गुलाबात तो उपयोगी पडतो, पानात नडतो. सम ओळीही सुलट विणा, पान सपाट पडेल. लोकर ॲक्रिलिक असेल तर गरम इस्त्रीने ती मऊ होऊन कायमची लोळते आणि चमकायला लागते. मग तिच्यात पुन्हा जीव येत नाही.

प्रश्न: फुले कुठे आणि कशी लावायची? माझी एका बाजूला ओढली जाऊन लोंबतात.

फुले खांद्याच्या वर लावा. अंगावर, विशेषतः एकाच अर्धुकावर लावलेली फुले त्या बाजूची वीण खाली खेचतात. वर लावण्याला आणखी एक कारण आहे, आणि आम्हाला ते जास्त महत्त्वाचे वाटते. ऊब टिकते ती लोकरीत अडकलेल्या हवेमुळे. झाकणातून वाफ आणि उष्णता सतत वर जात असते, तिथे फुलापानांचा जाड थर आला तर तो शोभेबरोबर कामही करतो. शिवाय मधोमध ओढून घेतलेल्या टाक्यांची चुणी झाकली जाते.

एक मोठे फूल, तीन गुलाब आणि पाच पाने एवढे एक लिटरच्या किटलीला भरपूर. टीकोझी किटलीवर चढवूनच लावा. टेबलावर सपाट ठेवून शिवलेली फुले ताणल्यावर एकमेकांपासून दूर जातात. आधी पाने, मग गुलाब, मोठे फूल सर्वांत शेवटी. पाकळीला मध्यापाशी आणि अर्ध्या उंचीवर मागून एक टाका, असे दोन ठिकाणी धरा. टोके मोकळी राहू द्या. तोटीच्या फटीपासून दोन-तीन सेंमी जागा रिकामी ठेवा, तिथे ओतताना चहाचे थेंब पडतात. फटीच्या कडेला गडद रंग घेतला तर डाग डोळ्यांत भरत नाहीत.

प्रश्न: लोकर खरी घ्यावी, ॲक्रिलिक की सुती? किटली गॅसवर असताना टीकोझी चालते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही, कोणत्याही धाग्याची नाही. टीकोझी चहा ओतून टेबलावर आणलेल्या किटलीसाठी असते. ॲक्रिलिक आचेजवळ वितळते, सुती पेटते. खरी लोकर सहज पेट घेत नाही, तरी तीही आचेजवळ न्यायची नाही.

अंगाला खरी लोकर सर्वांत चांगली. तिची वीण ताणून परत जागेवर येते आणि वाफ शोषूनही ऊब राहते. फुलांना ॲक्रिलिक चालते, त्यात रंग भरपूर मिळतात. सुती धागा अंगाला नको, जड होतो आणि एकदा ताणला की तसाच राहतो.

प्रश्न: टीकोझी घातल्यापासून दुसरा कप कडू लागतो.

किटलीत पत्ती तशीच राहत असेल. चहा गरम राहतो तोवर पत्ती उतरतच राहते, आणि टीकोझीखाली तो जास्त वेळ गरम राहतो. पत्ती गाळून किंवा जाळी काढून मग टीकोझी घाला.

प्रश्न: गडद लाल फुले पांढऱ्या टीकोझीवर लावली आहेत. धुवायची कशी?

लाल, जांभळा आणि गडद निळा यांची परीक्षा खरे तर शिवण्याआधी करायची. धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवायचा, कापडाला रंग लागला तर ती लोकर आधी वेगळी धुऊन घ्यायची. आता टीकोझीच्या फुलावर, मागच्या बाजूने, हीच परीक्षा करा. रंग सुटत असेल तर फुले शिवलेले टाके काढून ती वेगळी धुवा, आठ-दहा टाक्यांचे तर काम आहे.

धुताना पाणी कोमट, साबण सौम्य आणि चोळणे अजिबात नाही. गरम पाण्यात चोळलेली लोकर घट्ट आटते आणि किटलीवर चढत नाही. खंगाळायलाही त्याच ऊबेचे पाणी घ्या. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग किटलीएवढ्या पालथ्या भांड्यावर चढवून, बटण लावून, सावलीत वाळवा. गुलाबाचा गाभा सर्वांत उशिरा वाळतो, बोटाने आत दाबून बघा आणि गार लागला तर आणखी एक दिवस तसाच ठेवा.