शेतातल्या वस्तीवर लाइन नाही. घरी पवनचक्की बनवून वीज मिळेल का?

तुमची वस्ती बालाघाटाच्या माळावर, डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब, आणि घरात भंगारातल्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) पडून आहे; त्याला पाती लावून दिवे-पंखा चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी जळालेल्या मोटारींची कॉइल नव्याने भरायचं (वाइंडिंगचं) काम करतो, वस्तीवरच्या विजेचे प्रश्न रोज कानावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चक्की बनवता येते, पण त्या अल्टरनेटरवर नको. गाडीच्या अल्टरनेटरला बॅटरी चार्ज करायला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात. २.४ मीटर व्यासाची पाती मध्यम वाऱ्यात जेमतेम अडीचशे फेरे घेतात. मध्ये पट्टा-पुली घातली की हाती आलेली थोडीफार ताकद तिथेच खर्ची पडते. त्यापेक्षा गाडीच्या चाकाचा हब बेअरिंगसकट घ्या, त्यावर लोखंडाच्या दोन तबकड्या बसवा, प्रत्येकीवर १२ निओडिमियम (फार जोरदार) चुंबकं लावा आणि मधल्या फटीत तांब्याच्या तारेच्या, रेझिनमध्ये ओतलेल्या ९ कॉइल ठेवा. हा थ्री फेज (तीन तारांतून वीज देणारा) जनरेटर कमी फेऱ्यांवरच वीज देतो. गावातला मोटार भरणारा कॉइल गुंडाळून देईल. चुंबकं हाताळताना मात्र बोटं सांभाळा, दोन चुंबकं एकमेकांवर आपटली की मध्ये सापडलेलं बोट चिरडतं.

आता खरा मुद्दा वाऱ्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. २.४ मीटरच्या पात्यांना घरगुती बनावटीत वाऱ्याची साधारण पाव ताकद पकडता येते असं धरा. सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात १८ वॅट मिळतात, ५ मीटरला ८५, आणि ८ मीटरला जवळजवळ ३५०. म्हणून पैसा आधी खांबाच्या उंचीवर घाला. शंभर मीटरच्या आत जे सर्वांत उंच झाड किंवा छप्पर असेल, त्याच्यापेक्षा पात्यांचं खालचं टोक ९ मीटर वर हवं. पत्र्याच्या छतावर चक्की बसवायचा विचार सोडूनच द्या. तिथे वारा घुसळलेला असतो आणि थरथर सगळ्या घरात उतरते.

आपल्याकडे जून ते ऑगस्ट वारा जोरात असतो, ऑक्टोबरनंतर तो पडतो. ऊन मात्र पावसाळा सोडला तर भरपूर. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: आधी सोलर पॅनल घ्या, चक्की त्याच्या जोडीला ठेवा. आभाळ भरून आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हाच वारा जोरात असतो, आणि तिथे चक्कीची किंमत कळते. ९ वॅटचे पाच दिवे पाच तास आणि ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास मिळून रोज अर्धं युनिट लागतं. तेवढं या जोडीत बसतं. विहिरीवरची ५ एचपीची मोटार यावर चालणार नाही; ती पावणेचार किलोवॅटच्या वर ओढते. तिच्यासाठी सौर कृषी पंपाच्या सरकारी योजनेत अर्ज करा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण इथे लोकांच्या चक्क्या मोडतात. सोलरचा कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) चक्कीला लावू नका. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो. पॅनलला त्याचं काही होत नाही, पण चक्कीवरचा भार सुटला की पाती बेफाम फिरतात आणि तुटून उडतात. चक्कीला डंप लोड असलेला कंट्रोलरच हवा, म्हणजे जास्तीची वीज हीटरच्या कॉइलमध्ये जिरते. शिवाय शेपटी तिरक्या बिजागरीवर बसवा, म्हणजे वारा फार झाला की पाती आपोआप बाजूला वळतात. तिन्ही फेज एकत्र शॉर्ट करणारा ब्रेक स्विचही ठेवा, पण तो वारा कमी असतानाच टाका. वादळात टाकला तर पाती थांबतीलच असं नाही, उलट कॉइल जळू शकते.

खांब बुडाशी बिजागरीवर उभा करा, चारी बाजूंनी स्टे वायरचा (खांब धरून ठेवणाऱ्या तारांचा) ताण द्या, आणि अर्थिंग खोल घाला. मे महिन्यात वळवाचं आभाळ दिसू लागलं की खांब आडवा करून ठेवता आला पाहिजे. आकाशातली वीज आणि वावटळ दोन्हींपासून चक्की वाचते.

पश्चिमेला आणि नैऋत्येला तुमचा माळ मोकळा आहे का, की तिकडे टेकडी किंवा झाडी आहे? हे कळवलंत तर खांब किती उंच हवा ते सांगतो.