एका मशीनवर तीन अ‍ॅडॅप्टर चालतील का?

प्रश्न : ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात टेस्टिंगला विंडोज १० चं एकच मशीन आहे, १६ जीबी रॅमवालं. रॅशनल क्वालिटी मॅनेजरमध्ये (आयबीएमचं टेस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट मात्र तीन, आणि मॅनेजर म्हणतात नवीन मशीन मिळणार नाही. एकाच मशीनवरून तिन्ही प्रोजेक्टला टेस्ट चालवणारे अ‍ॅडॅप्टर जोडले तर चालेल का, की पोर्टची मारामारी होईल?
एक वाचक, घणसोली

उत्तर : चालतील, आणि पोर्टची भीती तर काढूनच टाका. अ‍ॅडॅप्टर स्वतः पोर्ट उघडून वाट बघत बसत नाही, तोच दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारतो की माझ्यासाठी काही काम आहे का, असलं तर उचलतो, चालवतो आणि रिझल्ट परत पाठवतो. म्हणजे कनेक्शन सगळी आतून बाहेर जाणारी, तीन काय नि पाच काय.

घोळ होतो तो वेगळीकडेच. तिघांना वेगळी नावं द्या, नाहीतर कुठला रन कोणी उचलला ते संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. फोल्डरही तीन करा, कॉन्फिग, लॉग, टेम्प सगळं ज्याचं त्याच्याकडे, कारण बरेच जण एकच फोल्डर ठेवतात आणि मग दोघांचं लिखाण एकाच लॉगमध्ये मिसळतं. रॅमचं म्हणाल तर अ‍ॅडॅप्टर जावावर चालतो, आणि जावाला काही सांगितलं नाही तर साधारण मशीनच्या पाव रॅमपर्यंत हीप (प्रोग्रामने वापरायची मेमरी) वाढू शकतो, म्हणजे तुमच्याकडे प्रत्येकी ४ जीबी, तेव्हा एक्सएमएक्स (-Xmx, हीपची कमाल मर्यादा) लावून ५१२ एमबीपासून सुरुवात करा, कमी पडलं तर वाढवा.

पासवर्डचं जास्त जपा. तिन्हीकडे एकच युजर आयडी टाकला असेल आणि कोणी पासवर्ड बदलला तर तिघेही जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावत राहतात आणि अकाउंट लॉक होतं. हे हमखास सोमवारी सकाळीच होतं, का ते देव जाणे. त्यामुळे बदलायच्या आधी तिन्ही थांबवायचे.

आता खरी अडचण. कमांड लाईनवरच्या किंवा एपीआयच्या (स्क्रीनशिवाय प्रोग्रामशी थेट बोलणाऱ्या) टेस्ट तिन्ही एकदम चालवा, काही बिघडत नाही. पण स्क्रीनवर क्लिक करणाऱ्या टेस्ट असतील तर माऊस एक, कीबोर्ड एक, समोर असलेली विंडो पण एकच, दोन टेस्ट एकत्र सुटल्या की एकीचं क्लिक दुसरीच्या विंडोत पडणार. अशा टेस्टना एकच अ‍ॅडॅप्टर ठेवा आणि प्रोजेक्टांना वेळा वाटून द्या, नाहीतर मॅनेजरना हाच मुद्दा दाखवून एक व्हर्च्युअल मशीन मागा, ते नव्या डब्यापेक्षा लवकर मिळतं.

प्रश्न : अ‍ॅडॅप्टर विंडोज सर्व्हिस म्हणून लावला तर स्क्रीनवाल्या टेस्ट फेल जातात. साधा चालवला तर रिमोट डेस्कटॉप बंद करून ठाण्याची गाडी पकडली की फेल. करायचं काय?
एक वाचिका, महापे

उत्तर : विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस 'सेशन शून्य' या वेगळ्या सेशनमध्ये चालतात, युजरचा डेस्कटॉप त्यांना दिसतच नाही, म्हणून अशा टेस्टना सर्व्हिस नकोच. लॉगिन करून चालवा. रिमोट डेस्कटॉप नुसता बंद केला की त्या सेशनचा स्क्रीन जिवंत राहत नाही, त्याऐवजी निघताना अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून टीएसकॉन (tscon) कमांडने सेशन कन्सोलला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनला, द्या. फक्त मशीन मग अनलॉक राहतं, समोर कोणीही बसू शकतो, तेव्हा ते कुलूपबंद खोलीत असेल तरच आणि आयटीवाल्यांना सांगूनच करा.