बँकॉकला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून सुटणारी एअरपोर्ट रेल लिंक पकडा आणि शेवटच्या फया थाई स्थानकावर उतरा. तिथेच बीटीएस स्कायट्रेन, म्हणजे शहरातली उंचावरून धावणारी रेल्वे, मिळते. संध्याकाळी टॅक्सी वाहतुकीत अडकते, म्हणून सामान कमी असेल तर रेल्वेच बरी. टॅक्सी घेतलीच तर मीटर लावायला सांगा. नकार मिळाला तर सरळ दुसरी टॅक्सी बघा.

राजवाडा (ग्रँड पॅलेस) पाहायला बीटीएसच्या साफान ताक्सिन स्थानकाशेजारच्या सातोर्न धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट घ्या. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. बाहेर कुणी नीटनेटका माणूस ‘आज राजवाडा बंद आहे’ म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. पुढे स्वस्त टुकटुक (तिथली रिक्षा) आणि रत्नांचं दुकान ठरलेलं असतं, फसवण्यासाठीच. तिकीटखिडकीपर्यंत स्वतः चालत जा.

शाकाहारी मंडळींनी जास्त जपायला हवं. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की मांस वगळतात, पण माशाचा सॉस, म्हणजे ‘नाम प्ला’, पडतोच. ‘किन जे’, म्हणजे ‘पूर्ण शाकाहारी खातो’, असं म्हणा. पिवळ्या पाटीवर लाल ‘เจ’ (थाई लिपीतलं ‘जे’) दिसलं की निर्धास्त बसा. तिथे अंडं, दूध, कांदा, लसूणही नसतो.

एक दिवस अयुथयासाठी ठेवाच. १७६७ साली उद्ध्वस्त झालेली ही जुनी राजधानी उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर आहे. साध्या रेल्वेगाडीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी स्वस्त असतं. सकाळी लवकर निघा, दुपारी भग्न विटांमध्ये सावली मिळत नाही. तिथल्या ‘वाट महाथात’ या मंदिरात झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धशिरापाशी फोटो काढताना खाली बसा. आपलं डोकं त्याहून उंच ठेवणं तिथे अनादर मानतात.