वाचकांचे प्रश्न : पोप, मतपत्रिका आणि धूर

पोप फ्रान्सिस यांचं २१ एप्रिल २०२५ ला निधन झालं आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले. त्यानंतर कोल्हापूर परिसरातून आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न.

मतदान कसं होतं? हात वर करून की कागदावर? (राजारामपुरी)

कागदावरच, आणि तो कागद फार जपून हाताळला जातो. मताचा हक्क ८० वर्षांच्या आतल्या कार्डिनलांनाच, म्हणजे पोपच्या खालोखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंनाच असतो. २०२५ मध्ये ते १३३ होते, म्हणजे निवडीला लागणाऱ्या दोन-तृतीयांशासाठी ८९ मतं हवी होती. मतपत्रिकेच्या वरच्या भागात लॅटिनमध्ये ‘सर्वोच्च धर्मगुरू म्हणून मी निवडतो’ असं छापलेलं असतं, खाली नाव लिहायला जागा. आपलं अक्षर ओळखू येणार नाही असं लिहायचं, घडी घालायची, वेदीपाशी जाऊन शपथ घ्यायची, पत्रिका तबकात ठेवायची आणि तबक तिरकं करून ती पात्रात सोडायची.

मोजणीसाठी तिघांची नावं चिठ्ठ्या टाकून काढतात. आधी नुसत्या पत्रिका मोजायच्या. आकडा मतदारांच्या संख्येशी जुळला नाही तर एकही न उघडता सगळ्या जाळायच्या आणि लगेच फेरमतदान. जुळला तर पहिले दोघं नाव मनात वाचतात, तिसरा मोठ्यानं वाचतो आणि ‘निवडतो’ या छापील शब्दातून सुई घालून पत्रिका दोऱ्यात ओवतो. मग दुसरे तिघं सगळं पुन्हा तपासतात. एकाच मतदाराच्या दोन पत्रिका एकत्र दुमडलेल्या निघाल्या, तर दोन्हींवर नाव एकच असल्यास एक मत धरायचं, वेगवेगळं असल्यास दोन्ही बाद. पहिल्या दिवशी एक फेरी, पुढे रोज जास्तीत जास्त चार. लिओ चौथ्या फेरीत निवडून आले.

काळा-पांढरा धूर काढतात कसा? (कागल)

काळा धूर म्हणजे निवड झाली नाही, पांढरा म्हणजे नवे पोप मिळाले. पूर्वी मतपत्रिकांसोबत ओलसर गवत जाळून धूर काळा करायचे. ते बेभरवशाचं होतं. १९५८ मध्ये निवड झालेली नसतानाही धूर आधी पांढरा दिसला आणि बाहेर चौकात धुराकडे डोळे लावून बसलेल्या लोकांची पंचाईत झाली. चुलवाणात ओलं चिपाड गेलं की धुराचा रंग कसा बदलतो, हे गुऱ्हाळावर उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. आता दोन शेगड्या असतात. बिडाच्या जुन्या शेगडीत पत्रिका जळतात, दुसरीत रसायनांच्या नळकांड्या. काळ्या धुरासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक. पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि राळ. तरीही शंका राहू नये म्हणून निवड झाली की घंटाही वाजवतात.

आपल्याकडच्या वायल्डर मेमोरियल चर्चवरही पोपचाच अधिकार चालतो का? (शाहूपुरी)

नाही. ते चर्च प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या झालेल्या पंथाचं. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनरी वायल्डर यांचं नाव त्याला आहे. पोपचा अधिकार फक्त कॅथलिकांपुरता. ‘सगळे ख्रिश्चन पोपला मानतात’ हे चुकीचं वाक्य तर वर्तमानपत्रांतही सर्रास छापून येतं.

पोप बोलतील ते कधीच चुकत नाही, असं कॅथलिक मानतात? (गडहिंग्लज)

सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं ठरवलेली अट कडक आहे: पोप सगळ्या चर्चचे गुरू या नात्यानं, श्रद्धा किंवा नीती यांबाबत, सर्वांना बंधनकारक असा अंतिम निर्णय जाहीर करतील तेव्हाच तो अचूक मानायचा. त्यानंतर असं उघडपणे घडलं ते १९५० मध्ये, येशूची आई मरिया हिच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धांत जाहीर झाला तेव्हा. विमानातल्या पत्रकार परिषदेला, राजकारणावरच्या मताला किंवा हवामानावरच्या भाष्याला हे लागू नाही. आणि अचूक म्हणजे निष्पाप नव्हे. पोपही पापनिवेदन करतात.

पोपना राजीनामा देता येतो? (इचलकरंजी)

येतो. तो स्वेच्छेनं दिलेला आणि रीतसर जाहीर केलेला असला की झालं, कुणी मंजूर करावा लागत नाही. बेनेडिक्ट सोळावे २०१३ मध्ये पायउतार झाले. त्याआधीचा राजीनामा १४१५ चा, बारावे ग्रेगरी यांचा.

स्पर्धा परीक्षेसाठी: व्हॅटिकन सिटी आणि होली सी एकच का? (मंगळवार पेठ)

एकच समजलात तर गुण जातील. व्हॅटिकन सिटी हा ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारानं जन्मलेला देश. क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर, म्हणजे ११० एकरांच्या आसपास. होली सी म्हणजे पोपचं धर्मपीठ, ते कितीतरी जुनं. संयुक्त राष्ट्रांत १९६४ पासून कायम निरीक्षक आहे ते होली सी, आणि भारताचे १९४८ पासूनचे राजनैतिक संबंधही होली सीशीच. आणखी एक फसवा प्रश्न म्हणजे रोमचे बिशप म्हणून पोपचं मुख्य चर्च कोणतं? सेंट पीटर्स नव्हे, सेंट जॉन लॅटरन.

याच वाचकानं पोपच्या नावांतले क्रमांक सलग असतात का, असंही विचारलंय. नसतात. मध्ययुगातल्या मोजणीच्या घोळामुळे जॉन विसावे नावाचे पोप झालेच नाहीत, तरी जॉन एकविसावे झाले.