फॉरवर्ड खेळणाऱ्या मुलाचा फॉर्म गेला, राष्ट्रीय निवडही हुकली: घरच्यांनी काय करावे?

सिडनीच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या एका आईने सविस्तर पत्र लिहिले आहे. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा रग्बी लीगमध्ये प्रॉप म्हणून, म्हणजे आघाडीच्या फळीतला फॉरवर्ड म्हणून, खेळतो. गेल्या हंगामात तो क्लबच्या एस. जी. बॉल चषक या तरुणांच्या स्पर्धेतल्या संघात नियमित होता आणि ‘ऑस्ट्रेलियन स्कूलबॉइज’ या शालेय राष्ट्रीय संघात त्याची वर्णी लागेल अशी सर्वांना आशा होती. यंदा मात्र त्याची मैदानावरची मिनिटे घटली, मग तो बेंचवर गेला आणि निवडीच्या यादीत त्याचे नाव आलेच नाही. तो घरात फारसे बोलत नाही. वडील म्हणतात, आता बारावीकडे लक्ष दे. पुण्याहून आजी-आजोबा दर रविवारी फोनवर विचारतात, “काय झालं सिलेक्शनचं?” आईंचा प्रश्न असा आहे की, आम्हाला या खेळातले फारसे कळत नाही, तर त्याच्याशी बोलायचे तरी काय?

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण फॉरवर्डचे काम काय असते हे समजल्याशिवाय त्याचे नेमके काय बिघडले आहे ते कळणार नाही. रग्बी लीगमध्ये प्रत्येक बाजूला १३ खेळाडू असतात, सामना ८० मिनिटांचा असतो, चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलची मुभा मिळते (टॅकल म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला धरून पाडणे) आणि प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्या संघाला दहा मीटर मागे हटावे लागते. प्रॉपने चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यभागी दोघातिघांच्या अंगावर जायचे, शक्य तितके मीटर मिळवायचे, पडताना पोटावर पडायचे, लगेच उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा. आणि चेंडू विरुद्ध संघाकडे गेला की टॅकल करून, उठून, दहा मीटर मागे पळून पुन्हा पुढे यायचे. ट्राय, म्हणजे चेंडू विरुद्ध संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण, मात्र कडेने पळणाऱ्या विंगरच्या नावावर लागतो. कबड्डीत कोपरारक्षकाने चढाईपटूचा पाय धरल्यावर साखळीतल्या ज्या गड्याने त्याला मध्यरेषेपासून रोखून धरलेले असते, त्याचे नाव कोणी घेत नाही. प्रॉपचेही तसेच आहे.

म्हणूनच या जागेवरचा फॉर्म धावफलकावर दिसत नाही. पुढच्या सामन्यात चेंडूकडे न पाहता फक्त मुलाकडे पाहा. तो टॅकलमध्ये पाठीवर पडतो की पोटावर, उठायला त्याला इतरांपेक्षा वेळ लागतो का, बचावाच्या रांगेत तो शेवटी पोहोचतो का, आणि बेंचवरून दुसऱ्यांदा मैदानात आल्यावर त्याची पहिली धाव कशी असते, एवढे पाहिलेत तरी पुष्कळ कळेल. एनआरएल या ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेत २०१६ पासून एका सामन्यात केवळ आठ अदलाबदली करता येतात, पूर्वी त्या दहा होत्या. त्यामुळे जास्त वेळ टिकणारा प्रॉप प्रशिक्षकांना मोलाचा वाटतो, आणि ज्याचा वेग पंचविसाव्या मिनिटाला मंदावतो त्याला वगळताना ते फार विचार करत नाहीत.

सतराव्या वर्षी असे होण्याचे एक साधे कारण असते, पण पालकांच्या ते क्वचितच लक्षात येते. चौदा-पंधराव्या वर्षीच उंच आणि भरदार झालेल्या मुलांना त्या वयात फक्त वजनाच्या जोरावर यश मिळते. दोन वर्षांनी बाकीची मुले त्यांची बरोबरी करतात आणि तोपर्यंत न शिकलेले तंत्र उघडे पडते. तुमच्या मुलाच्या बाबतीत असे झाले असेल, तर त्यात त्याचा आळस नाही आणि ते भरूनही निघते.

दुसऱ्या कारणाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. डोक्याला मार बसल्यानंतर झोप बिघडणे, चिडचिड, प्रकाश नकोसा वाटणे, अभ्यासात मन न लागणे आणि मैदानावर प्रतिक्रिया मंदावणे ही कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याची, लक्षणे असू शकतात, आणि संघातली जागा जाईल या भीतीने मुले ती लपवतात. एनआरएलने २०२३ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान ११ दिवस खेळण्यास मनाई केली. तरुण आणि हौशी खेळाडूंसाठी ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे याहून कडक आहेत: शारीरिक झटापटीच्या सरावाआधी लक्षणांविना १४ दिवस, आणि सामन्यात परतण्याआधी किमान २१ दिवस. घरात अबोला आहे असे तुम्ही लिहिले आहे. तो रुसवा आहे असे गृहीत धरण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या, आणि डोक्याला कधी मार बसला होता का हे त्याला रागावून न विचारता शांतपणे विचारा.

खाण्याबद्दलही एक गोष्ट निक्षून सांगते. वजन वाढावे म्हणून भारतातून येणाऱ्या नातेवाइकांबरोबर चूर्णे, शिलाजित किंवा ‘बॉडी बिल्डिंग’ची पावडर मागवू नका. अशा पदार्थांत वेष्टनावर न लिहिलेले घटक निघू शकतात, आणि उत्तेजक चाचणीत जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. सिडनीच्या क्रोनुला क्लबच्या २०११ मधील पूरक औषधांच्या कार्यक्रमापायी अनेक खेळाडूंना २०१४ मध्ये बंदी स्वीकारावी लागली होती. डाळ, उसळी, पनीर, अंडी, दूध आणि सामन्याच्या आदल्या रात्री पोटभर भात, यांवर या वयाचा मुलगा उत्तम खेळू शकतो.

निवडीबाबत जेसन टॉमलोलोचे उदाहरण त्याच्यासमोर ठेवावेसे वाटते. या फॉरवर्डने एनआरएलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे डॅली एम पदक २०१६ मध्ये कूपर क्रॉंक या खेळाडूसोबत विभागून मिळवले, आणि २०१७ मध्ये नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला. त्याच वर्षी विश्वचषकाआधी त्याने न्यूझीलंडऐवजी टोंगाकडून खेळायचे ठरवले आणि टोंगाने हॅमिल्टनमध्ये न्यूझीलंडला २८-२२ असे हरवले. पुढे २०२१ मध्ये क्लबच्या नव्या प्रशिक्षकाने त्याची मिनिटे कमी केली, त्याच हंगामात त्याचा हातही मोडला, आणि पूर्वीसारखा सामन्यावर एकहाती पगडा असलेला खेळाडू तो राहिला नाही. तरी तो कमी वेळ खेळत क्लबकडे राहिला आणि २०२२ च्या विश्वचषकात टोंगाकडून उतरला. मिनिटे कमी होणे ही भूमिका बदलण्याची सूचना असू शकते, आणि ती स्वीकारूनही खेळाडू देशासाठी खेळतो, हे तुमच्या मुलाला आज उपयोगी पडेल असे माझे मत आहे.

प्रशिक्षकांना तुम्ही ई-मेल पाठवू नका. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतः जाऊन विचारावे, “येत्या महिन्यात मी कोणत्या दोन गोष्टी सुधारू?” ‘मला का घेतले नाही?’ या प्रश्नावर कोणताही प्रशिक्षक सावरून बोलतो. पहिल्या प्रश्नाला मात्र ठोस उत्तर मिळण्याची शक्यता असते. आजी-आजोबांना तुम्हीच आधी फोन करून सांगा की पुढचे काही रविवार निवडीचा विषय नको, त्याऐवजी त्याला जेवणाबद्दल किंवा मित्रांबद्दल विचारा. ते मायेपोटीच विचारतात, पण दर आठवड्याला तेच उत्तर देणे त्याला जड जात असणार.

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरीही बारावीच्या नावाखाली खेळ आत्ताच बंद करणे मला योग्य वाटत नाही. एस. जी. बॉलचे सामने वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत होतात आणि एचएससीची लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. मधल्या काळात आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि एक सामना एवढे ठेवले तर अभ्यासाला पुरेसा वेळ उरतो. पुढच्या वर्षी खेळायचे की नाही, हे त्याला परीक्षा संपल्यावर ठरवू द्या.