नवऱ्याचे इंग्लंडमधल्या खेड्यातले पूर्वज शोधायचे आहेत. नेटवर तयार वंशावळ मिळाली आहे, तिच्यावर विसंबावं का?

अजिबात नाही. मूळ पानाचं स्कॅन स्वतः वाचल्याशिवाय एकही नाव वंशावळीत घालू नका. आमच्या सासरी यावरून वर्षानुवर्षं वाजतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सासरचे मूळचे सफोकचे, ही इंग्लंडमधली एक काउंटी, म्हणजे जिल्हा. नवऱ्याचे खापरपणजोबा बडे शेतकरी होते, असं घरात सगळे सांगायचे. थोरल्या दिरांनी कुणाची तरी तयार वंशावळ उचलून तसं नोंदवूनही टाकलं होतं. पण शेजारच्या गावात त्याच नावाचा आणखी एक माणूस होता. १८४१च्या जनगणनेत दोघांचंही वय २५. त्या वर्षी मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती, म्हणजे २५ वाला २९चाही असू शकतो. नाती नाहीत, जन्मगाव नाही, याच काउंटीत जन्मला का एवढंच. त्यावर घराणं ठरवायचं?

१८५१ची पानं काढली आणि गुंता सुटला. त्यात जन्मगाव असतं, कुटुंबप्रमुखाशी नातं असतं. एकापुढे लिहिलंय, १२० एकरांचा शेतकरी, पाच मजूर कामाला. दुसऱ्यापुढे 'ॲग लॅब', म्हणजे शेतमजूर. आमची खापरपणजी या दुसऱ्याच्या घरात. त्यांच्या १८३८च्या लग्नाच्या नोंदीत त्याच्या सहीच्या जागी फुली आहे, आणि वडिलांचं नाव नि धंदा लिहायच्या रकान्यांत आडवी रेघ. १८१४च्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्या रेघेचं उत्तर मिळालं. फक्त आईचं नाव, आणि धंद्याच्या रकान्यात 'अविवाहित स्त्री'.

मी हे जेवताना सांगितलं तर दीर म्हणाले, "तुला आमच्या घराण्यातलं काय कळतं?" त्यांच्या वंशावळीत आजही तो १२० एकरवालाच बसलाय. मला मात्र त्या अविवाहित आईचा अभिमान वाटतो. तेव्हा लग्नाशिवाय मूल झालं की पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचे ओव्हरसियर (गरिबांच्या मदतीचा खर्च बघणारे अधिकारी) आईची चौकशी करायचे, कारण बापाने पैसे दिले नाहीत तर मूल पोसायचा खर्च गावाच्या करावर पडायचा. त्यातून तिने पोर वाढवलं. दिरांच्या पासपोर्टवर जे आडनाव आहे, ते तिचं आहे.

तुम्ही १८५१पासून सुरुवात करा. तिथलं जन्मगाव घेऊन त्या गावच्या चर्चच्या वह्यांकडे जा. जुलै १८३७नंतरचा जन्म, लग्न किंवा मृत्यू असेल तर सरकारी दाखला मागवा. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख धरू नका, काही मुलांचा बाप्तिस्मा मोठेपणी व्हायचा. आडनावाची स्पेलिंगं कारकुनाच्या कानावर होती, तेव्हा चारपाच तऱ्हांनी शोधा. हो, आणि घर मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती पंथाचं असेल तर गावच्या चर्चमध्ये नोंद सापडेलच असं नाही, त्या पंथाच्या चॅपलच्या वह्याही बघाव्या लागतील. चर्चची वही हरवली असेल तर बिशपकडे पाठवलेल्या नकला बघा. १८१३च्या आधी छापील फॉर्म नसल्याने बाप्तिस्म्याच्या नोंदी बऱ्याचदा फार त्रोटक असतात.

बापाचा रकाना रिकामा निघाला तर रिकामाच ठेवा, सासरचे काहीही म्हणोत. ओव्हरसियरचे कागद टिकले असतील तर त्यांत बापाचं नाव मिळू शकतं, पण ते सगळे नेटवर नाहीत. काउंटीच्या अभिलेखागाराला लिहून विचारा. तुमचेही सफोकचे असतील तर इप्सविचच्या 'द होल्ड' या अभिलेखागाराला लिहा.